राखेखालचा विस्तव : आपलं शरीर क्षयाशी कसं लढतं

आज एका जुन्या दुखण्याची गोष्ट सांगते. आयुर्वेदात त्याला राजयक्ष्मा म्हटलंय, आपण क्षय म्हणतो, टीबी म्हणतो. गटाच्या बैठकीत हा शब्द निघाला की बायकांचा आवाज खाली येतो. ‘त्यांच्या घराण्यातच आहे,’ ‘मागल्या जन्मीचे भोग,’ असं कानावर पडतं. युरोपातही पूर्वी हा रोग रक्तातून, घराण्यातून येतो असंच मानत.

मग २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉक या डॉक्टरांनी जाहीर केलं, की हा रोग एका जंतूमुळे होतो. म्हणून २४ मार्चला आपण जागतिक क्षयरोग दिन पाळतो. पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं नव्हतं. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या. वय बावीसही पूर्ण नव्हतं.

आता प्रश्न उरला : एका घरात दहा माणसं तीच हवा घेतात, मग एकच का आजारी पडतं?

याच्या उत्तराचा धागाही १८८२ मध्येच सापडला. इटलीतल्या मेसिना गावी मेच्निकॉफ नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती बारीक पेशी गोळा झालेल्या! या पेशी बाहेरून आलेली वस्तू गिळून टाकतात, हे त्यांनी ओळखलं. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अशाच गिळणाऱ्या पेशी आपल्या फुफ्फुसात पहारा देतात. टीबीचा जंतू श्वासाबरोबर आत गेला, की त्या त्याला गिळतात. पण या जंतूवर मेणासारखं जाड कवच असतं. तो पेशीच्या पोटातही जिवंत राहतो, तिथंच वाढतो. मग शरीर दुसरी फौज बोलावतं. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. या पेशी आल्या की पहिल्या पेशींना जोर येतो, आणि सगळ्या मिळून जंतूभोवती गाठ बांधतात, जणू कुंपणच. आत जंतू मरतात किंवा निपचित पडून राहतात. चुलीत राखेखाली विस्तव दडलेला असतो ना, तसं.

हे कसं कळलं? कॉक यांनी १८९० मध्ये जंतूपासून ट्युबरक्युलिन नावाचा अर्क काढला. त्यांना वाटलं हे औषध आहे. लोक आशेनं बर्लिनला धावले, पण रोग बरा झाला नाही. पुढे १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या पिर्के यांनी तोच अर्क कातडीवर लावून पाहिला. ज्याच्या शरीराची जंतूशी आधी गाठ पडली होती, तिथं कातडी फुगून लाल झाली. धडधाकट दिसणाऱ्या मुलांच्या हातावरही! म्हणजे शरीर शत्रूला लक्षात ठेवतं. आणि जंतू आत असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. आज जगातल्या सुमारे पाव लोकांच्या शरीरात हा जंतू शिरल्याचा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो.

शरीराची ही आठवण कामाला लावावी म्हणून काल्मेत आणि गेराँ यांनी फ्रान्समध्ये गायीच्या टीबीचा जंतू बटाट्यावर, पित्तात भिजवून, पुन्हा पुन्हा वाढवला. तेरा वर्षांत २३० वेळा! जंतू दुबळा झाला आणि १९२१ मध्ये पहिल्यांदा एका बाळाला दिला. तीच बीसीजी, आपल्या दंडावरचा व्रण. ती लहान मुलांना मेंदूच्या टीबीपासून जपते. पण तमिळनाडूत चिंगलपेट इथं १९६८ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीला ती अडवत नाही. म्हणून ‘मला लस टोचलीय’ म्हणून खोकला अंगावर काढू नका.

कुंपण मोडतं कधी? मधुमेहात, एचआयव्हीत, विडी-तंबाखूच्या धुरानं, आणि सगळ्यात जास्त वेळा उपासमारीनं. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना २०१९ पासून धान्य आणि डाळ दिली. २०२३ मध्ये निकाल आला : त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. बायांनो, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी कोण असते, ते मी सांगायला नको. तिचं कुंपण आधी मोडतं.

आणि रुग्णाला घराबाहेर काढायची गरज नाही. मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या अभ्यासानं दाखवलं, की घरी राहून औषध घेणारे दवाखान्यात ठेवलेल्यांइतकेच बरे होतात, आणि घरच्यांना जास्त धोकाही होत नाही. तरीही आजारी सुनेला माहेरी धाडणारी घरं आहेत.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं दिसलं, तर आशाताईंना सांगा. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी आणि औषध मोफत आहे. दोन महिन्यांत बरं वाटतं, पण तेव्हा राखेखाली विस्तव असतोच. डॉक्टर सांगतील तोवर, साधारण सहा महिने, गोळ्या सोडू नका. पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबाआधी एक प्रश्न विचारा : आपल्यातल्या कुणाला खोकला आहे का? आणि ती ‘हो’ म्हणाली, तर तिच्याबरोबर दवाखान्यात एक जण जा.