मोडीचा वाचक आणि यंत्र

संगणकाला हस्ताक्षर वाचायला शिकवण्याचा इतिहास बहुधा अमेरिकेतल्या प्रयोगशाळांपासून सांगितला जातो. भारतात आल्यावर तो कानपूर आणि कोलकात्यावरून पुढे सरकतो. देवनागरीपुरते पाहिले तर त्यात तथ्य आहे. १९७९ साली आयआयटी कानपूरचे सिन्हा आणि त्यांचे सहलेखक महाबला यांनी देवनागरीच्या यंत्रवाचनावर लिहिलेला निबंध आजही या विषयात पायाभूत मानला जातो. या इतिहासात खानदेशाला मात्र जागा मिळत नाही, आणि ती मिळायला हवी असे माझे म्हणणे आहे. आकार पाहून अक्षर ओळखणे आणि संशय आला की संदर्भाने निवाडा करणे, हे या शास्त्रातले सर्वांत अवघड काम धुळ्यात संगणकाच्या कितीतरी आधी होत होते. मोडी या मराठीच्या जुन्या धावत्या लिपीच्या बाबतीत तर यंत्राला आजही त्याच कामाचा आधार घ्यावा लागतो.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढणारे वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी गावोगाव हिंडून मिळवलेले कागद तिथे जपले गेले. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडे वाग्देवता मंदिरात आणून ठेवली. असा कागद वाचायचा म्हणजे नुसती अक्षरे लावून भागत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद पाळला जात नाही, त्यामुळे ‘सुत’ म्हणजे मुलगा की ‘सूत’ म्हणजे कापसाचा धागा, हे अक्षरावरून कळत नाही, मजकुरावरून ठरवावे लागते. सालाच्या जागी ‘तिसा सबैन मया व अलफ’ असे असते. हे शुहूर सन ११७९ म्हणजे इसवी १७७८-७९ हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पुसट झालेला एखादा शब्दही लावता येतो, कारण बाकीचे पर्याय आपोआप गळतात. कित्येक पत्रांवर तिथी असते आणि साल नसते. तिथे पत्रातली माणसे, लढाया आणि मुक्काम यांच्यावरून संपादकाला साल काढावे लागते.

यंत्राचे घोडे नेमके कुठे अडते, हे एका साध्या रेघेवरून दिसते. छापील देवनागरी वाचताना यंत्र प्रत्येक आडव्या पट्टीतले काळे ठिपके मोजते. ज्या पट्टीत ते सर्वांत जास्त असतील ती शिरोरेषा. ती पुसली की अक्षरांमध्ये उभ्या मोकळ्या जागा पडतात आणि अक्षरे सुटी होतात. मोडी लिहिणारा मात्र आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे काढत जातो. दोन शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात. रेघ पुसली तरी अक्षरे एकमेकांना धरूनच राहतात, आणि शब्द कुठे संपला हे सांगणारी एकही खूण उरत नाही.

जळगावात १५ ऑगस्ट १९९० रोजी विद्यापीठ स्थापन झाले. आज त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. तिथल्या संगणकशास्त्र विभागातले आर. जे. रामटेके यांनी २०१० साली हस्तलिखित देवनागरी स्वर ओळखण्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातली पद्धत मिंग-कुई हू यांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेच्या वळणाची आहे. आकारावरून अशी काही संख्या काढायची, की तो आकार सरकवला, लहानमोठा केला किंवा फिरवला तरी ती बदलत नाही. सुट्या अक्षरांसाठी ही युक्ती फार सुंदर आहे. पण तिला अक्षर आधी सुटे करून द्यावे लागते, आणि मोडीत तेच तर अवघड.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की राजवाड्यांच्या कामाला यंत्रविद्येच्या वंशावळीत बसवणे ही ओढाताण आहे. त्यांनी गणित मांडले नाही, हे खरेच आहे. जळगावच्या संशोधकांनी राजवाड्यांकडून काही उचलले, असेही मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की प्रश्न एकच होता आणि तो आधी कागदावर सोडवला गेला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजच्या खोल चेताजालांना (डीप न्यूरल नेटवर्क) नियम शिकवावे लागत नाहीत, नमुने दाखवले की ती स्वतः शिकतात, मग मोडी जाणणारा माणूस हवा कशाला? पण नमुना म्हणजे नुसते चित्र नव्हे, त्याच्याशेजारी कुणीतरी खात्रीने लिहिलेले वाचन लागते. हाताने लिहिलेले इंग्रजी आकडे शिकवायला एमनिस्ट या संग्रहातले सत्तर हजार नमुने सहज मिळतात. मोडी पानांचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला मोडीट्रान्स हा संग्रह जेमतेम दोन हजार चित्रांचा आहे. राजवाड्यांचे छापील खंड थेट वापरावेत, तर त्यांत मूळ कागदावरची ओळ कुठे तुटली हे दाखवलेले नाही. छापील मजकूर पुन्हा कागदासमोर धरून ओळीला ओळ जुळवायची, संशय असेल तिथे दोन्ही वाचने नोंदवायची, हे काम मोडी येणाऱ्यालाच जमेल. शाळेत मोडी गिरवलेली पिढी आता संपत आली आहे. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे वाचलेले टिपून ठेवायची सोय झाली. वाचणारे मात्र वर्गात बसवूनच तयार करावे लागतील. जळगावची संगणकाची प्रयोगशाळा आणि धुळ्याची दप्तरे यांच्यात शंभर किलोमीटरचेही अंतर नाही. तेव्हा मोडीच्या यंत्रवाचनाचा प्रकल्प कुणी मांडला, तर त्याच्या अंदाजपत्रकात पहिली रक्कम मोडी वाचकाच्या पगाराची असावी, यंत्राची खरेदी त्यानंतर.