बंद पेटीतील आज्ञावली : हैदराबादेत घडलेल्या एका यंत्राचा इतिहास



सिकंदराबादहून कुशाईगुड्याकडे जाणाऱ्या बसच्या पाटीवर 'ईसीआयएल' ही अक्षरे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पुष्कळांच्या लेखी ते आता एका चौरस्त्याचे नाव होऊन बसले आहे. वस्तुतः ती 'इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड' या कारखान्याची आद्याक्षरे होत. इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीतील नव्या घडामोडींविषयी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. त्या विशाल क्षेत्राचे ओझरते दर्शन घडविण्यापेक्षा, या कारखान्यात आकाराला आलेल्या एकाच यंत्राचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, असे मी ठरविले. ते यंत्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र. आपल्यापैकी प्रत्येकाने त्याचे निळे बटण दाबलेले आहे. ज्या यंत्राच्या पोटातील आज्ञावली डोळ्यांना दिसत नाही, त्यावर नागरिकाने कशाच्या आधारे विश्वास ठेवायचा, हा प्रश्न त्या इतिहासात आरंभापासून आहे आणि तो अद्याप मिटलेला नाही.

मतदान यंत्र हा संगणक आहे काय, असे विचारल्यास उत्तर 'होय' आणि 'नाही' असे दोन्ही द्यावे लागते. घरातील वा कचेरीतील संगणक आज पत्र लिहितो, उद्या हिशेब करतो. आज्ञावली बदलली की त्याचे काम बदलते. याउलट धुलाईयंत्र, विजेचा मीटर, मोटारीचे इंजिन किंवा रुग्णाच्या हृदयाचे ठोके मोजणारे उपकरण यांच्यातही संगणक असतो, परंतु त्याला एकच काम नेमून दिलेले असते. अभियंते अशा रचनेला 'एम्बेडेड सिस्टीम' म्हणतात. मराठीत तिला अंतःस्थापित प्रणाली म्हणता येईल. तिची आज्ञावली वस्तूचाच एक भाग बनते.

हे 'भाग बनणे' प्रारंभी अगदी शब्दशः होते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाचा मार्गदर्शक संगणक अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रचला गेला. त्याची कायम स्मृती ३६,८६४ शब्दांची होती आणि ती तांब्याच्या तारा ओवून विणलेली होती. चुंबकीय कड्याच्या आतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे विणकाम रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करीत. आज्ञावलीत चूक आढळली तर दोर नव्याने विणावा लागे. आपल्याकडील पैठणीच्या मागाची आठवण व्हावी असेच हे काम! पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि तो मुळात बुसिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी बनविलेला होता. आज्ञावलीची जागा, तात्पुरती स्मृती आणि प्रक्रियक हे सारे एकाच चकतीवर बसविणारे मायक्रोकंट्रोलर याच दशकात आले. इंटेलचा ८०४८ हा १९७६ चा आणि अभियांत्रिकीच्या आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेला ८०५१ हा १९८० चा. भारतीय मतदान यंत्राची कल्पना नेमकी याच काळातली आहे, हा योगायोग नव्हे. त्याआधी असे यंत्र बनविता आले असते, पण ते खेडोपाडी नेता आले नसते.

आता हैदराबादकडे वळू. चीनबरोबरच्या युद्धानंतर १९६३ मध्ये देशातील इलेक्ट्रॉनिक उद्योगाचा विचार करण्यासाठी डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात अणुभट्ट्यांसाठी लागणारी नियंत्रण उपकरणे तयार होऊ लागली होतीच. त्या कामाचे धुरीण डॉ. अय्यगारी सांबशिव राव यांच्या पुढाकाराने ११ एप्रिल १९६७ रोजी अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत ईसीआयएलची स्थापना झाली. भाभा ती पाहावयास उरले नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता. तुर्भ्यात रचलेला टीडीसी-१२ हा संगणक १९६९ चा. त्याच्या नावातील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे, म्हणजे आपल्या तुर्भ्याचे आहे. त्याची पुढील भावंडे ईसीआयएलने विकली. अणुभट्टीच्या नियंत्रणात एक शिस्त असते : यंत्राने काय करावे याइतकेच, त्याने काय कदापि करू नये याचाही विचार आधी करायचा. मतदान यंत्राच्या रचनेत हीच शिस्त मला दिसते.

१९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांच्या कारकिर्दीत आयोगाने हे काम ईसीआयएलकडे सोपविले. नमुना १९७९ मध्ये सिद्ध झाला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखविला. दरम्यान बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही आपले यंत्र बनविले होते. पुढे दोन्ही कारखाने या कामात सहभागी झाले. बंगळूरच्या चमूतील एक प्रमुख अभियंते एस. रंगराजन हे तमिळ वाचकांना 'सुजाता' या टोपणनावाने परिचित असलेले लोकप्रिय कादंबरीकार. विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाच्या हातून इतके अरसिक, कल्पनाशून्य यंत्र घडावे याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. मात्र ती कल्पनाशून्यता हेतुपुरस्सर होती.

यंत्राचे दोन भाग आहेत. मतदाराच्या पुढ्यातील पेटी आणि केंद्राध्यक्षाच्या मेजावरील नियंत्रणपेटी; दोहोंना जोडणारी केबल पाच मीटर लांबीची. केंद्राध्यक्षाने बटण दाबले की मतदाराची पेटी एका मतापुरती उघडते. मत नोंदले, लाल दिवा लागला, शिटी वाजली की ती पुन्हा बंद होते, आणि केंद्राध्यक्षाने पुन्हा अनुमती देईपर्यंत कितीही बटणे दाबली तरी काही घडत नाही. यंत्र बॅटरीवर चालते, कारण ज्या देशात ते वापरायचे तेथे मतदान केंद्राच्या शाळेत वीज असेलच असे गृहीत धरता येत नव्हते. एका मिनिटात पाचांहून अधिक मते ते घेत नाही. ज्यांनी जुन्या काळी बळजबरीने केंद्र ताब्यात घेऊन मतपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारण्याचे प्रकार ऐकले आहेत, त्यांना या संथपणाचे मोल सांगावयास नको. दुर्बलता हाच येथे गुण आहे. यंत्राला उमेदवाराचे नाव ठाऊक नसते. त्याला केवळ बटणाचा क्रमांक कळतो. नावांचा कागद मागाहून वर लावला जातो. त्यामुळे कारखान्यात आज्ञावली लिहिणाऱ्याला कोणत्या मतदारसंघात कोणते बटण कोणाचे असेल हे कळण्याची सोयच नाही. या यंत्राला जे बाह्यरूप लाभले, ते पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या ए. जी. राव आणि रवी पुवय्या या अध्यापकांनी घडविले. निरक्षर मतदारालाही न चाचपडता वापरता यावे, हा त्यामागील विचार होता.

पहिली परीक्षा केरळातील परूर येथे झाली. १९ मे १९८२ रोजी त्या विधानसभा मतदारसंघातील ५० केंद्रांवर यंत्रे ठेवली गेली. कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार शिवन पिल्लै यांनी यंत्राला आधीच हरकत घेतली होती. उच्च न्यायालयाने ती मानली नाही. आणि निवडून आले तेच, १२३ मतांनी! मग पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९८४ मध्ये निकाल दिला, तो यंत्राच्या गुणदोषांवर नव्हता. कायद्यात मतपत्रिका आणि मतपेटी यांचाच उल्लेख आहे; आयोगाचे अधिकार व्यापक असले तरी संसदेने केलेल्या कायद्याला डावलून त्याला नवी रीत आणता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या ५० केंद्रांवर कागदाने फेरमतदान झाले आणि जोस निवडून आले. यंत्र निर्दोष चालणे आणि यंत्र अधिकृत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा अभियंत्यांना इतक्या लवकर मिळाला हे मला इष्टच वाटते.

डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व अधिनियमात कलम ६१-अ घालण्यात आले. ते १५ मार्च १९८९ पासून अमलात आले. त्यानंतर यंत्रे तयार झाली. एकाची किंमत सुमारे साडेपाच हजार रुपये होती. प्रा. एस. संपत यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने १९९० मध्ये यंत्राला अनुकूल अभिप्राय दिला. तरीही पक्षांत एकमत होईना, आणि यंत्रे आठ-नऊ वर्षे पडून राहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत ती प्रथम बाहेर निघाली. पाठोपाठ जून १९९९ मध्ये गोव्याची संपूर्ण विधानसभा निवडणूक यंत्रांवर झाली. हा मान मिळविणारे ते पहिले राज्य. याच गोव्याने १६ जानेवारी १९६७ रोजी 'फूल' की 'दोन पाने' या चिन्हांवर शिक्का मारून महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल दिला होता. त्या आठवणी मराठी मनात अजून ताज्या आहेत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत दहा लाखांहून अधिक यंत्रे वापरली गेली.

यशाच्या या टप्प्यावर मूळ प्रश्न पुन्हा वर आला. पहिल्या पिढीच्या यंत्रात हिताची ६३०५ हा मायक्रोकंट्रोलर होता आणि आज्ञावली निराळ्या स्मृतिचकतीत ठेवलेली असे. पुढच्या पिढीत ती मायक्रोकंट्रोलरच्या आतच कायमची कोरली जाऊ लागली. हेतू स्वच्छ होता : जी आज्ञावली पुन्हा लिहिता येत नाही, ती कोणी बदलू शकणार नाही. पण चकत्या बनत होत्या परदेशी कंपन्यांकडे, आणि कोरलेली आज्ञावली बाहेरून वाचताही येत नव्हती. आपण दिली तीच आज्ञावली आत आहे की नाही, हे यंत्र बनविणाऱ्यालाही उलटून पाहता येईना. कुलूप इतके भक्कम झाले की मालकालाही आत डोकावता येऊ नये!

२०१० मध्ये हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलंडचे रॉप खोंगराइप यांनी एक खरे यंत्र मिळवून त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आज्ञावलीला त्यांनी हातच लावला नाही. निकाल दाखविणारी पट्टी बदलून, आणि दुसऱ्या प्रयोगात मते साठविणाऱ्या स्मृतिचकतीवर एक चिमटा लावून, आकडे कसे पालटता येतील हे त्यांनी दाखविले. मात्र यासाठी यंत्र हाती लागणे आवश्यक होते, आणि आयोगाचे उत्तरही तेच होते : मोहोरा, पहारा आणि प्रतिनिधींच्या सह्या असताना यंत्र कोणाच्या हाती लागणार? ते यंत्र कोठून आले यावरून हरी प्रसाद यांना त्या वर्षी ऑगस्टमध्ये अटकही झाली; नंतर ते जामिनावर सुटले. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी खरे बोलत होत्या. आयोग व्यवस्थेविषयी बोलत होता, संशोधक वस्तूविषयी. पण संशोधनाला फौजदारी कारवाईने मिळालेले उत्तर विश्वास वाढविणारे नव्हते, एवढे म्हटलेच पाहिजे.

तत्पूर्वी ३ मार्च २००९ रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने आपल्या देशातील २००५ च्या निवडणुकीत वापरलेली यंत्रे घटनाबाह्य ठरविली होती. विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे पडताळता आले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व. भारताने यंत्र सोडले नाही; त्याला कागद जोडला. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोक्सेन येथील पोटनिवडणुकीत मत दिल्यावर छापील चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसू लागली, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सोय टप्प्याटप्प्याने सर्वत्र करण्यास सांगितले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ती प्रत्येक केंद्रावर होती.

तथापि या उपायाने रचनेत एक सूक्ष्म बदल झाला, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राला उमेदवाराचे नाव आणि चिन्ह ठाऊक असावे लागते. ते मतदानापूर्वी काही दिवस बाहेरून त्यात भरले जाते. मूळ यंत्राचे अज्ञान ही त्याची ढाल होती. मतदाराला दाखविता यावे म्हणून यंत्राला अधिक जाणणे भाग पडले. म्हणूनच मला चिठ्ठीचे मोल ती दिसण्यात कमी आणि मोजली जाण्यात अधिक वाटते. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याचा दंडक आला.

सगळ्याच चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा कागदी मतपत्रिका परत आणावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी मायक्रोकंट्रोलरमधील कोरलेल्या स्मृतीचा स्पष्ट उल्लेख करून तिच्या तपासणीची वाट मोकळी केली. चिन्हे भरण्याची उपकरणे निकालानंतर ४५ दिवस मोहोरबंद ठेवावयाची. दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास त्या क्षेत्रातील पाच टक्के यंत्रे उघडायची. खर्च मागणी करणाऱ्याचा, आणि फेरफार सिद्ध झाल्यास तो परत करावयाचा. तपासणारे असतील यंत्र बनविणाऱ्या कारखान्यांचे अभियंते, आणि त्या वेळी उमेदवाराला तेथे हजर राहण्याचा अधिकार आहे.