क्वार्टरबॅक : एका अधिकाराची हकीकत

अमेरिकन फुटबॉलाविषयीं आपल्या लोकांस फारसें कुतूहल नाहीं, व तें नसल्याबद्दल कोणास दोष देण्याचेंहि कारण नाहीं. लांबट चेंडू, अंगावर चिलखतासारखा सरंजाम आणि दर पांचसात सेकंदांनीं थांबणारा खेळ. ज्यास नियम ठाऊक नाहींत त्यास ही केवळ एक झोंबाझोंबी वाटते. आम्हांसहि बरींच वर्षें तसेंच वाटत असे. परंतु पुढील शिक्षणासाठीं तिकडे जाऊन आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें एकदां आम्हांस विचारलें, “सर, अकरा जणांपैकीं एकाच्याच गळ्यांत यशाची माळ आणि अपयशाचें खापरहि त्याच्याच डोक्यावर, असें कां?” त्या एकास क्वार्टरबॅक म्हणतात. प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही एका अधिकाराच्या इतिहासांत जाऊन पडलों. अकरा जणांनीं एका क्षणीं एकच बेत पार पाडावयाचा, तर हुकूम कोणाचा चालावा? जो मैदानांत उभा राहून मार खातो त्याचा, कीं जो कडेस उभा राहून सगळें पाहतो त्याचा?

या हुद्द्याचा जन्म १८८० सालचा. तोंवर अमेरिकेंतील कॉलेजांत जो खेळ चाले तो बहुतांशीं इंग्लंडांतील रग्बीच होता. दोन्ही पक्षांच्या झुंडीमध्यें चेंडू पडे, आणि तो कोणाच्या वांट्यास येईल हें दैवाधीन असे. येल येथील वॉल्टर कॅम्प यास हें दैव रुचलें नाहीं. चेंडू एका वेळीं एकाच पक्षाकडे असावा, त्या पक्षाच्या मधल्या गड्यानें तो पायानें मागें सारावा, आणि जो तो प्रथम घेईल त्यास क्वार्टरबॅक म्हणावें, असा नियम त्यानें त्या वर्षीं मंजूर करून घेतला. संघांतील गड्यांची संख्याहि पंधरावरून अकरावर आणविली. नांवाचा अर्थ जागेवरूनच आला आहे. आघाडीच्या रांगेपासून सर्वांत मागें फुलबॅक, त्याच्या पुढें हाफबॅक, आणि रांगेच्या अगदीं पाठीशीं हा पाव वाटेवरचा गडी. दोन वर्षांनीं, १८८२ मध्यें, तीन चालींत पांच यार्ड पुढें सरका नाहीं तर चेंडू द्या, असा दुसरा नियम झाला. या दोन नियमांनीं खेळांत गणित आलें. कॅम्पचें पुढील आयुष्य घड्याळें तयार करणाऱ्या एका कंपनीच्या कारभारांत गेलें, हें आम्हांस मोठें अन्वर्थक वाटतें.

मात्र हा पहिला क्वार्टरबॅक राजा नव्हता, कारकून होता. चेंडू घेऊन पुढें धांवण्याची त्यास मुभा नव्हती; तो घ्यावयाचा आणि दुसऱ्याच्या हातीं द्यावयाचा. पण चाल कोणती हें सांकेतिक शब्दांनीं पुकारण्याचें काम हळूहळू त्याच्याकडे आलें, आणि कारकुनाच्या हातीं शिक्का आला म्हणजे काय होतें हें आपणांस सांगावयास नको. पुढें कांहीं पिढ्यांच्या रचनेंत चेंडू थेट दुसऱ्याच गड्याकडे जाई आणि क्वार्टरबॅक बहुधा वाट मोकळी करून देई. तरीहि हुकूम पुष्कळदां त्याचाच असे. १९०६ मध्यें चेंडू हातानें पुढें फेंकण्यास परवानगी मिळाली, तेव्हां या हुकमाचें मोल वाढलें.

त्या काळीं बाहेरून सल्ला देणें हा नियमभंग समजला जाई. खेळ खेळणाऱ्यांचा, आणि डोकेंहि त्यांनींच चालवावयाचें, अशी कल्पना होती. व्यावसायिक संघांच्या नॅशनल फुटबॉल लीगनें कडेवरून सूचना देण्यास रीतसर मान्यता दिली ती १९४४ मध्यें. तोंवर प्रशिक्षकानें आठवडाभर शिकवावें आणि सामन्याच्या दिवशीं हात बांधून बसावें, असाच शिरस्ता होता.

मध्यंतरीं एक गोष्ट घडली. ८ डिसेंबर १९४० रोजीं शिकागो बेअर्सनीं वॉशिंग्टनच्या संघास अजिंक्यपदाच्या सामन्यांत ७३–० असें धुळीस मिळविलें. तीनच आठवड्यांपूर्वीं हेच बेअर्स त्याच संघाकडून ७–३ असे हरले होते, आणि वॉशिंग्टनचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनीं त्यांना रडतोंडे म्हणून हिणविलें होतें. त्या दिवशीं जी ‘टी’ रचना जगास दिसली तिच्यांत क्वार्टरबॅक मधल्या गड्याच्या अगदीं पाठीस लागून उभा राहतो, आणि प्रत्येक चालींत चेंडू प्रथम त्याच्याच हातीं येतो. शिकागोचा सिड लकमन हा कोलंबिया विद्यापीठाचा पदवीधर. त्यास हें सारें नव्यानें शिकावें लागलें होतें. इतर संघांनींहि लौकरच ती रचना उचलली. आजचा क्वार्टरबॅक खरोखर तेथें जन्मला. मार्शल यांचें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांची गांठ पुन्हा पडावयाची आहे.

अधिकार पुरता हातीं येतो न येतो तोंच त्यावर दावा सांगणारा उभा राहिला. क्लीव्हलंडचे पॉल ब्राउन हे वृत्तीनें शाळामास्तर. प्रत्येक चाल आपण ठरवावयाची, आणि एक गडी आंत पाठवून व एक बाहेर घेऊन ती क्वार्टरबॅकला कळवावयाची, अशी त्यांनीं जासुदांची परंपराच सुरू केली. त्यांचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम १९४६ ते १९५५ या दहा वर्षांत दहाहि वेळां अंतिम सामन्यापर्यंत पोंचला व सात वेळां जिंकला. तेव्हां पद्धत वाईट होती असें म्हणण्याची सोय नाहीं. १९५६ मध्यें तर ब्राउन यांनीं जॉर्ज रॅटरमन याच्या शिरस्त्राणांत रेडिओचें यंत्र बसविलें. लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनीं तें त्याच हंगामांत बंद पाडलें.

उलट पक्षाची बाजू मांडण्यास जॉनी युनायटसपेक्षां चांगला साक्षीदार सांपडणार नाहीं. १९५५ मध्यें पिट्सबर्गच्या संघानें त्यास एकाहि सामन्यांत न उतरवितां घरीं पाठविलें. तो बांधकामावर मजुरी करूं लागला, आणि सामन्यास ६ डॉलर घेऊन एका गल्लीछाप संघांत खेळूं लागला. पुढच्याच वर्षीं बाल्टिमोरनें त्यास घेतलें. २८ डिसेंबर १९५८ रोजीं न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें अंतिम सामना होता. दोनएक मिनिटें उरलेलीं, बाल्टिमोर १७–१४ असें मागें, आणि समोर ८६ यार्ड मैदान. युनायटसनें लागोपाठ तीन वेळां चेंडू रेमंड बेरी याच्याकडेच फेंकला, आणि सात सेकंद उरले असतां बरोबरी झाली. अजिंक्यपदाचा सामना जादा वेळेंत जाण्याचा तो पहिलाच प्रसंग. आतां पुढें काय करावयाचें हें पुष्कळ खेळाडूंसहि नीट ठाऊक नव्हतें.

जादा वेळेंतील ८० यार्डांची ती वाटचाल तेरा चालींची आहे, आणि चाली तो स्वतः पुकारीत होता. बेरीच्या धास्तीनें न्यू यॉर्कचा सॅम हफ दोन पावलें मागें सरकलेला त्यानें पाहिला, आणि तत्क्षणीं त्याच मोकळ्या जागेंतून ॲलन अमीची यास धांवविलें. एका चालींत वीसहून अधिक यार्ड पदरांत पडले. कडेवर उभ्या असलेल्या माणसास तीं दोन पावलें दिसलीं असतीं काय? दिसलीं तरी निरोप पोंचेपर्यंत हफ जागेवर परतला असता. अखेरीस गोलपोस्ट टप्प्यांत असतां, नुसत्या लाथेनें सामना जिंकतां येण्यासारखा असतां, त्यानें चेंडू पुन्हा फेंकला. प्रतिपक्षानें तो झेलला असता तर जन्मभर शिव्या खाव्या लागत्या. तो आपल्याच गड्याच्या हातीं पडला, आणि पुढच्या चालींत अमीचीनें सामना संपविला: २३–१७.

दुसरा प्रसंग ३१ डिसेंबर १९६७ चा, ग्रीन बे येथील. थंडी शून्याखालीं सुमारें २५ अंश सेल्सिअस. पंचांच्या शिट्ट्या गोठलेल्या. डॅलस १७–१४ असें पुढें, १६ सेकंद शिल्लक आणि रेषा एका यार्डाच्या आंत. बार्ट स्टार कडेस जाऊन प्रशिक्षक व्हिन्स लाँबार्डी यांस म्हणाला कीं, धांवणाऱ्यांचे पाय घसरतात, मी स्वतःच घुसतों. लाँबार्डी हे कांहीं सौम्य गृहस्थ नव्हते. पण त्यांनीं वाद न घालतां रुकार दिला. स्टारनें परत येऊन चाल पुकारली, मात्र चेंडू आपण ठेवणार हें सोबत्यांस सांगितलें नाहीं. जेरी क्रेमरच्या पाठीमागून तो घुसला आणि सामना २१–१७ असा जिंकला. येथें अधिकार कोणाचा हें ठरविणें आम्हांस कठीण जातें. प्रशिक्षकाचा म्हणावा तर कल्पना त्याची नव्हती. क्वार्टरबॅकचा म्हणावा तर त्यानें परवानगी मागितली. आमच्या मतें दोघांमधील हा विश्वास हीच त्या संघाची खरी मिळकत होती.

तो समतोल टिकला नाहीं. डॅलसचे टॉम लँड्री यांनीं १९७१ मध्यें एका सामन्यांत दोन क्वार्टरबॅक आळीपाळीनें, प्रत्येक चालीस एक, असे आंत-बाहेर केले. त्यांतील एक रॉजर स्टॉबाख, आरमारांतील माजी अधिकारी! तो सामना डॅलस हरलें, आणि लौकरच लँड्रींनीं स्टॉबाखला कायम केलें; चाली मात्र आपल्याच हातीं ठेविल्या. इतरत्रहि तीच रीत पडत गेली, आणि १९९४ मध्यें लीगनें ब्राउन यांचा रेडिओ कायदेशीर केला. बफेलोचा जिम केली आपल्या चाली आपण पुकारीत असे व त्याचा संघ लागोपाठ चार वर्षें अंतिम सामन्यास गेला. पण तो अपवाद ठरला, आणि चारहि वेळां हरल्यामुळें त्याचें उदाहरण कोणी गिरविलें नाहीं.

येथपर्यंतची हकीकत प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यामधली आहे. पण ‘डोकें चालविणाराची जागा’ असें एकदां ठरल्यावर ती कोणास द्यावयाची याचाहि निवाडा होतो, आणि तेथें अमेरिकेचा जुना रोग वर येतो. १९३४ ते १९४५ या काळांत लीगमध्यें एकहि कृष्णवर्णी खेळाडू नव्हता. बंदी उठल्यावरहि त्यांना धांवण्यास घेत, अडविण्यास घेत. हुकूम करण्यास घेत नसत. १९६८ मध्यें डेन्व्हरच्या मार्लिन ब्रिस्को यानें क्वार्टरबॅक म्हणून सामने सुरू केले आणि चांगले खेळला. पुढच्या वर्षीं त्यास ती जागा नाकारण्यांत आली, व दुसऱ्या संघांत जाऊन चेंडू झेलणारा व्हावें लागलें. सबबी पुष्कळ सांगितल्या जात. इतिहासाच्या अभ्यासकास त्या सबबींची भाषा ओळखीची वाटते. रडतोंडे म्हणून हिणविणारे ते मार्शल यांनीं तर आपल्या संघांत कृष्णवर्णी खेळाडू घेण्याचें १९६२ पर्यंत टाळलें, आणि घेतला तो केंद्र सरकारनें मैदानाच्या जमिनीचा प्रश्न काढल्यावर.

त्याच वॉशिंग्टनच्या संघाकडून ३१ जानेवारी १९८८ रोजीं डग विल्यम्स हा सुपर बोलमध्यें उतरला. संघ ०–१० असा मागें पडला, त्याचा गुडघा मुरगळला, आणि कांहीं चालींपुरतें त्यास बाहेर बसावें लागलें. दुसऱ्या पावहिश्शांत तो परत आला, आणि त्या एका पावहिश्शांत वॉशिंग्टननें ३५ गुण केले. चार वेळां चेंडू त्याच्याच हातांतून सुटून रेषेपार झेलला गेला. सामना ४२–१० असा संपला. दोन्ही बाजूंस कृष्णवर्णी क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल पाहण्यासाठीं मात्र फेब्रुवारी २०२३ पर्यंत थांबावें लागलें. आमचा तो विद्यार्थी सोमवारच्या पहांटे उठून तो सामना पाहत होता. त्यानें आग्रहानें बोलाविल्यामुळें आम्हीहि गेलों. दोघांच्या शिरस्त्राणावर मागच्या बाजूस एक हिरवा ठिपका होता. आंत रेडिओ आहे याची ती खूण. चाल सुरू करण्याच्या मुदतींतले पंधरा सेकंद उरले कीं तो रेडिओ आपोआप बंद पडतो. आणि त्यानंतर समोरचा कोणी दोन पावलें मागें सरकला, तर तें ज्याचें त्यानेंच पाहावयाचें असतें.