फिलाडेल्फियाच्या यादीतली कल्याणची मुलगी

 

विषय ‘माजी विद्यार्थ्यांचं यश’ असा ठरला, तेव्हा माझ्या हातून झालेली एक चूक मला आठवली. आधी तीच सांगतो. मी ज्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो, त्या कॉलेजची एक स्मरणिका निघायची होती. ‘माजी विद्यार्थी : वार्ता आणि यश’ हा विभाग माझ्याकडे आला. आम्ही एक फॉर्म छापला. नाव, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, सध्याचा हुद्दा, संस्था, पुरस्कार. फॉर्म भरून आले. ज्यांचा हुद्दा मोठा, त्यांना फोटोसकट अर्धं पान. ज्यांनी हुद्द्याच्या जागी ‘गृहिणी’ लिहिलं होतं किंवा नुसती रेघ मारली होती, ती नावं शेवटच्या पत्त्यांच्या यादीत. त्यात बहुतेक बायकाच होत्या. प्रकाशनानंतर एक विद्यार्थिनी भेटली. वर्गात पहिली येणारी मुलगी. ती म्हणाली, “सर, माझं नाव आहे, पण मी नाहीये.” मला उत्तर सुचलं नाही. पुढे बरीच वर्षं मी त्या वाक्याचा विचार करत आलो. आज सांगणार आहे ती गोष्ट त्यातूनच हाती लागली.

गोष्ट आपल्याच गावची आहे. कल्याणला रेल्वे आली १८५४ साली. इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. त्याच्या पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या गणपतराव जोशी यांच्या घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा बिजवर, पोस्टात कारकून, वयानं जवळपास वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर ती आनंदी झाली. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असा तिचा प्रवास झाला. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचा विचार त्या दुःखातून आला, असं तिचे चरित्रकार सांगतात. हे सगळं आपल्याला पाठ आहे. श्री. ज. जोशींची कादंबरी आपण वाचली आहे, सिनेमा पाहिला आहे. त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही.

मला बोलायचं आहे ते ती जिथे शिकली त्या कॉलेजबद्दल आणि त्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींबद्दल. आपल्याकडे आनंदीबाईंच्या गोष्टीत कॉलेज फक्त पार्श्वभूमीला असतं. जहाज, बर्फ, नऊवारी साडी, पदवीदान. पण ते कॉलेज काय होतं, हे कळल्याशिवाय तिच्या पदवीचं वजन कळत नाही.

वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. स्थापना १८५०, फिलाडेल्फिया. बायकांना एम. डी. देण्यासाठी निघालेल्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी एक. १८५१ च्या डिसेंबरात पहिल्या तुकडीच्या आठ जणी पदवीधर झाल्या. आठ! त्यांतलीच एक, ॲन प्रेस्टन, पुढे याच कॉलेजची डीन झाली. म्हणजे माजी विद्यार्थिनींनीच संस्था उचलून धरली. कारण बाहेर कुणी उभं करत नव्हतं. तिथल्या वैद्यकीय संघटनेनं ठराव केला होता, की या कॉलेजच्या अध्यापकांशी आणि पदवीधर बायकांशी कुठल्याही सभासदानं रोग्याबाबत सल्लामसलत करायची नाही. १८६९ साली या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये प्रात्यक्षिकाच्या तासाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, टवाळी केली, अंगावर वस्तू भिरकावल्या. महाराष्ट्रात शिकणाऱ्या बाईवर शेण पडत होतं हे आपण जाणतो. तिकडचं जग फार पुढे गेलेलं होतं, असं समजू नका.

अशा संस्थेला एका प्रश्नाचं उत्तर सतत द्यावं लागतं. शिकवलंत, पण या बायका पुढे करतात काय? लग्न करतात आणि घरी बसतात, तर मग एवढा खटाटोप कशाला?

आनंदीबाईंच्या वेळच्या डीन रेचल बॉडली. मूळच्या रसायनशास्त्राच्या आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी या प्रश्नावर वाद घातला नाही, मोजणी केली. १८८१ साली त्यांनी हयात असलेल्या २४४ माजी विद्यार्थिनींना प्रश्नावली पाठवली. उत्तरं आली १८९ जणींची. त्यांतल्या १६६ जणी प्रत्यक्ष व्यवसाय करत होत्या. बॉडलीबाईंनी उत्पन्न विचारलं, कामाचं स्वरूप विचारलं. आणि आणखी एक प्रश्न विचारला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो : वैद्यकीय शिक्षणाचा आणि व्यवसायाचा पत्नी म्हणून, आई म्हणून तुमच्या आयुष्यावर काय परिणाम झाला? बहुतेकींनी लिहिलं, चांगला झाला. हा सगळा हिशेब त्यांनी पदवीदानाच्या भाषणात मांडला आणि तो पुस्तिका म्हणून छापला गेला.

माजी विद्यार्थ्यांच्या वार्ता आज आपण व्हॉट्सॲपवर टाकतो. कोण अमेरिकेत, कोण व्हाइस प्रेसिडेंट, कुणाचा सत्कार. त्यात गंमत असते, थोडा मिरवण्याचा भाग असतो. या कॉलेजसाठी ती वार्ता म्हणजे कोर्टातला पुरावा होता. प्रत्येक यशस्वी माजी विद्यार्थिनी एक साक्षीदार होती.

त्या साक्षीदारांमधल्या काही भारतात होत्या. क्लारा स्वेन १८६९ ची पदवीधर. १८७० च्या जानेवारीत ती बरेलीला पोचली. रामपूरच्या नवाबानं जागा दिली आणि १८७४ मध्ये तिचं बायकांचं रुग्णालय उभं राहिलं. ॲना कुगलर १८७९ ची. ती १८८३ मध्ये गुंटूरला आली आणि आयुष्यभर राहिली. आता तारखा बघा. ७ एप्रिल १८८३ ला अठरा वर्षांची आनंदी कलकत्त्याहून जहाजात बसली. ४ जूनला न्यूयॉर्क. म्हणजे त्याच वर्षी त्या कॉलेजची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेतून भारतात येत होती आणि एक भावी विद्यार्थिनी भारतातून अमेरिकेला जात होती.

फरक एवढाच, की या दोघी मिशनच्या कामासाठी आल्या होत्या. आनंदीबाईंनी जाण्याआधी श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर सांगितलं होतं : मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. धर्म बदलला असता तर मदत लवकर मिळाली असती. त्यांनी बदलला नाही. आणि बॉडलीबाईंनी तशी अटही घातली नाही, उलट शिष्यवृत्ती दिली. हे दोघींच्याही बाजूनं सोपं नव्हतं.

१० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो आहे, तुम्ही पाहिला असेल. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, केई ओकामी किमोनोत आणि सीरियाची सबात इस्लामबुली. आपण त्यातली आपली तेवढी बघतो. बाकीच्या दोघींचं काय झालं? ओकामी १८८९ मध्ये पदवीधर झाली, टोकियोच्या रुग्णालयात लागली. सम्राट रुग्णालयाला भेट द्यायला आले, पण ती बाई म्हणून तिला सामोरं येऊ दिलं नाही. तिनं नोकरी सोडली आणि घरीच दवाखाना काढला. इस्लामबुली १८९० ची. ती दमास्कसला परतली, नंतर कैरोला गेली आणि कॉलेजचा तिच्याशी संपर्कच तुटला. तिघींपैकी कुणाचंच आयुष्य स्मरणिकेच्या अर्ध्या पानात नीट बसत नाही.

आणि आनंदीबाई? ११ मार्च १८८६ ला एम. डी. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाचं काम ठरलं. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, त्या क्षयानं पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना राहिला होता. कोल्हापूरच्या कामावर त्या रुजू झाल्याच नाहीत.

आता माझा फॉर्म आठवा. नाव : आनंदीबाई जोशी. वर्ष : १८८६. सध्याचा हुद्दा : रेघ. १६६ जणींच्या रकान्यात त्या बसत नाहीत. उलट विरोधक म्हणू शकले असते, बघा, तीन वर्षं शिकवलं आणि काय मिळालं? हिशेबाची एवढी पक्की असलेल्या बॉडलीबाईंनी काय केलं? १८८७ मध्ये रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात निघालं. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे आणि त्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या या दिवंगत विद्यार्थिनीला जागा दिली. पुढच्या वर्षी त्या स्वतःही गेल्या. ज्यांच्या घरी आनंदीबाई राहिल्या होत्या, त्या कार्पेंटरबाईंनी अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजी चरित्र लिहिलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी लिहिलं. आज शुक्र ग्रहावरच्या एका विवराला जोशी हे नाव आहे.

इथपर्यंत सगळं ठीक वाटतं. रकान्यात न बसणारं माणूसही लक्षात राहू शकतं, असा निष्कर्ष काढून मी थांबलो असतो, तर टाळ्याही मिळाल्या असत्या. पण त्याच कॉलेजच्या यादीत थोडं खाली आणखी एक मराठी नाव आहे. तिथे आपली पंचाईत होते.

डॉ. गुरुबाई करमरकर. एम. डी., १८९२. त्या कॉलेजमधून पदवी घेणारी दुसरी भारतीय स्त्री. १८९३ मध्ये त्या परतल्या. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं ते हेच वर्ष. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनं त्यांनी तेवीस वर्षं रोगी तपासले. त्यातही जातिव्यवस्थेत सगळ्यात खाली ढकललेल्या लोकांसाठी काम केलं. आनंदीबाईंना जे करायचं होतं आणि करता आलं नाही, ते या बाईंनी दोन तपं केलं. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? हात वर करा म्हणत नाही. मीच वयाच्या साठीपर्यंत ऐकलं नव्हतं. आणि मी कल्याण-डोंबिवलीत सत्कारांची भाषणं करत हिंडणारा माणूस!

का ऐकलं नव्हतं? मला दोन कारणं दिसतात. एक, गुरुबाई ख्रिस्ती होत्या. त्यांचे यजमान सुमंतराव करमरकर रेव्हरंड होते. मराठी ख्रिस्ती माणसांचं काम आपण ‘मिशनऱ्यांचं’ म्हणून बाजूला ठेवतो, जणू ते मराठी नव्हेच. पोकिप्सीच्या त्या दगडावर आनंदीबाईंची ओळख ‘शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री’ अशी कोरली आहे. तिकडच्या लोकांनाही जात सांगावीशी वाटली. आपण ती वेगळी सांगत नाही, पण लक्षात ठेवताना नकळत वापरतो. दुसरं कारण, रोजचं काम गोष्टीत मावत नाही. आनंदीबाईंच्या आयुष्याला सुरुवात, शिखर आणि शेवट आहे, त्यावर कादंबरी होते. तेवीस वर्षं रोज सकाळी दवाखाना उघडणाऱ्या बाईवर काय लिहिणार?

तेव्हा बघा, स्मरणात राहण्याची आपली फुटपट्टी दोन्हीकडून चुकते. स्मरणिकेत आपण हुद्दा मोजतो आणि हुद्दा नसलेल्यांना वगळतो. लोकस्मृतीत आपण गोष्ट मोजतो आणि गोष्ट नसलेल्यांना वगळतो. मी इथे आनंदीबाईंना कमी लेखत नाही, कृपा करून तसं नेऊ नका. त्यांच्या आधी त्या वाटेनं कुणी गेलं नव्हतं. पण त्यांचा खरा मान राखायचा तर ज्या कामासाठी त्या गेल्या, ते काम ज्यांनी केलं त्यांची नावंही आपल्याला माहीत हवीत. ‘मी डॉक्टर होईन’ म्हणणाऱ्या मुलीला रोगी हवे होते, विवर नव्हे.

ते कॉलेजही आता त्या नावानं उरलेलं नाही. १९७० च्या सुमारास तिथे पुरुष विद्यार्थी आले, नाव बदललं, विलीनीकरणं झाली, आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग आहे. संस्था संपली तरी तिथल्या अभिलेखागारात माजी विद्यार्थिनींची कागदपत्रं नीट ठेवलेली आहेत. तो फोटो तिथेच आहे. आपल्याकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या किती कॉलेजांकडे पहिल्या तुकडीच्या मुलींची पुरी यादी सापडेल? जोशी-बेडेकर कॉलेज १९६९ चं, बिर्ला कॉलेज १९७२ चं. त्या पहिल्या वर्षांच्या विद्यार्थिनी आज सत्तरीच्या आसपास आहेत. आत्ता विचारलं तर सांगतील. दहा वर्षांनी विचारायला गेलात तर उशीर होईल.

माझी सूचना साधी आहे. आपापल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघात तुम्ही असाल, तर फॉर्ममधला ‘सध्याचा हुद्दा’ हा रकाना राहू द्या, पण त्याच्या वर एक प्रश्न घाला : शिकलात त्याचं पुढे काय झालं? आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा. बॉडलीबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी साधारण हेच विचारलं होतं.

त्या विद्यार्थिनीला मी पुढे पत्र लिहिलं, हाच प्रश्न विचारला. चार ओळींची जागा असती तर तिला पुरली नसती. सहा पानं आली. ती सहा पानं माझ्याकडे आहेत. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती मात्र निघाली नाही.