चिंक्वे तेर्रे: ही पायवाट कुणाची?

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरची रंगीत घरांची पाच गावं तुम्ही रीलमध्ये पाहिली असतीलच. तेच हे चिंक्वे तेर्रे. आज बोलूया ती गावं जोडणाऱ्या पायवाटांबद्दल.

या वाटा ट्रेकिंगसाठी झाल्याच नाहीत. इथे डोंगर थेट समुद्रातून उभा राहतो, सपाट जमीन जवळपास नाहीच. म्हणून कित्येक शतकं लोकांनी उतारावर पायऱ्या खोदल्या, प्रत्येक पायरीला चुना-सिमेंटशिवाय दगडी गडगा घातला आणि द्राक्षं लावली. आपण चालतो तो त्यांचा मळ्यात जायचा रस्ता.

गडग्याची खुबी काय? फटींतून पावसाचं पाणी निघून जातं, माती मागे राहते. पण दगड निसटला की तो लगेच बसवावा लागतो. म्हणजे मेन्टेनन्स कधी संपतच नाही!

१८७० च्या दशकात रेल्वे आली. जवळच्या ला स्पेझियात नौदलाची गोदी होती, तिथे पगार मिळायचा. हळूहळू तरुण मळे सोडून गेले. पडीक पायऱ्यांवरचे गडगे ढासळू लागले, दरडींचा धोका वाढला.

१९९७ मध्ये युनेस्कोनं या भागाला जागतिक वारसा ठरवलं. तरी २५ ऑक्टोबर २०११ च्या अतिवृष्टीत व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सोमध्ये चिखल-दगडांचा लोंढा घुसला, माणसं गेली.

तेव्हा कधी तिथे गेलात, तर फोटो काढाच. पण वाळवलेल्या द्राक्षांची शाक्केत्रा वाईन घ्यायची असेल, तर मळेवाल्याकडूनच घ्या. वाट त्याच्याच गडग्यावर उभी आहे.

भेटू पुढच्या भागात!