उणीव भरावी की गुण निवडावा? सोलापूरच्या उम्रीगरांपासून वेळापूरच्या खो-खोपर्यंत ‘ड्राफ्ट’चा इतिहास

१/ सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात वेळापूर हे गाव आहे. अर्धनारीनटेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे इतिहासप्रेमींना ते परिचित आहे. खो-खोच्या वर्तुळात मात्र ते तेथील खेळाडूंमुळे ओळखले जाते. या गावचा रामजी कश्यप २०२२ साली ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेत उतरला तो चेन्नई क्विक गन्स या संघाकडून. वेळापूरचा खेळाडू चेन्नईचा कसा झाला? उत्तर ‘ड्राफ्ट’ या पद्धतीत आहे. आजचा थ्रेड तिच्या इतिहासाविषयी.

२/ मित्रहो, आरंभ सोलापुरातूनच करू. २८ मार्च १९२६ रोजी पॉली उम्रीगर यांचा जन्म सोलापुरात झाला. कसोटीत द्विशतक झळकावणारे ते पहिले भारतीय. १९४४ मध्ये मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत ते खेळले ते पारशी संघाकडून. त्या स्पर्धेत संघ ठरत असे धर्मावरून : हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘इतर’. कोणत्या संघात उणीव काय आहे, हा प्रश्न खेळाडूच्या जन्मापुढे गौण होता.

३/ गांधीजींनी १९४० मध्ये या रचनेला जाहीर विरोध केला आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. पुढचा काळ नोकरीचा. रेल्वे, बँका, सिमेंट कंपन्या, विमानतळ प्राधिकरण यांनी खेळाडूंना पगार दिला आणि आपापले संघ उभे केले. कबड्डी व खो-खोच्या खेळाडूला तर कित्येक दशके हाच एक आधार होता. येथे खेळाडू संघ निवडत असे, पण प्रत्यक्षात तो निवडत असे निवृत्तिवेतन.

४/ तिसरा मार्ग व्यावसायिक लीगचा, आणि त्याचे दोन प्रकार. लिलावात बोली लागते; ज्याची थैली जड, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते. संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव उचलतात आणि मोबदला बहुधा आधीच ठरलेला असतो. मूळ अमेरिकी पद्धतीत ज्याचा हंगाम सर्वांत वाईट गेला, त्याला पहिली निवड मिळे. पराभूताला पुन्हा उभे करणे हा या पद्धतीचा हेतू.

५/ ही कल्पना अमेरिकी फुटबॉलमधील. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये ती मांडली. श्रीमंत संघ उत्तम खेळाडू पळवतात, दुबळे संघ हरत राहतात आणि हरणाऱ्यांकडे प्रेक्षक फिरकत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला. पहिली निवड अर्थातच तळाच्या ईगल्सची. त्यांनी जे बरवँगर या विद्यापीठीय ताऱ्याचे नाव घेतले, आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही!

६/ बास्केटबॉलने ही पद्धत १९४७ मध्ये उचलली. आजच्या एनबीएच्या पूर्वसुरी संघटनेने डेट्रॉइटमध्ये पहिला ड्राफ्ट घेतला. पिट्सबर्गने प्रथम क्रमांकावर क्लिफ्टन मॅकनीली याला निवडले. त्याने टेक्सासमधील शाळेत प्रशिक्षक होणे पसंत केले. दोन्ही खेळांतील पहिल्या ‘प्रथम निवडी’ मैदानात उतरल्याच नाहीत. संघाची गरज आणि माणसाची इच्छा वेगळ्या असू शकतात, हे इतिहासाने आरंभीच सांगून टाकले.

७/ आता मूळ प्रश्नाकडे. आपली पाळी आली की संघाने काय करावे? जी जागा रिकामी आहे ती भरावी, की समोरच्यांतील सर्वश्रेष्ठ खेळाडू घ्यावा, मग त्याच्या जागी आधीच कोणी का असेना? या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९८४ चे. तेव्हा पहिल्या निवडीचा निर्णय नाणेफेकीने होई. ह्यूस्टनने ती जिंकली व हकीम ओलाजुवान या उंच सेंटरला घेतले. दुसरी पाळी पोर्टलंडची.

८/ पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता. आदल्याच वर्षीच्या ड्राफ्टमधून आलेला, बाहेरून धावत येऊन गुण मिळवणारा. त्यांना हवा होता बास्केटखाली उभा राहणारा उंच गडी. म्हणून त्यांनी सात फूट एक इंच उंचीच्या सॅम बोवीला निवडले. ड्रेक्सलरच्याच जागी खेळणारा एक मुलगा त्यांनी सोडून दिला. तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने त्याला घेतले. त्याचे नाव मायकेल जॉर्डन.

९/ बोवीची कारकीर्द पायाच्या दुखापतींनी झाकोळली. जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने पोर्टलंडला मूर्ख ठरवण्याची घाई करू नये. उंच सेंटरशिवाय विजेतेपद नाही, असा त्या काळचा सार्वत्रिक समज होता आणि ह्यूस्टननेही सेंटरच निवडला होता. त्यांची चूक बारीक होती : आजची रिकामी जागा हीच उद्याचीही गरज, असे त्यांनी गृहीत धरले.

१०/ हेच नाट्य भारतात २००८ मध्ये घडले. आयपीएलचा मुख्य बाजार लिलावाचा होता, पण १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील मुलांसाठी स्वतंत्र ड्राफ्ट झाला. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान अशी फलंदाजी होती. गोलंदाज कमी होते. म्हणून दिल्लीने आपल्याच शहरातील विराट कोहलीला वगळून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवान याला घेतले. कोहली बंगळुरूला गेला आणि तिथलाच झाला.

११/ आपल्या महाराष्ट्रातील अधिक बोलके प्रकरण डिसेंबर २०१५ चे. लोढा समितीने चेन्नई व राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी निलंबित केले होते. त्यांच्या जागी पुणे आणि राजकोट आले. बोली उलटी होती : मंडळाकडून कमीत कमी मागणारा जिंकणार. पुण्याने काही मागण्याऐवजी वर्षाला १६ कोटी रुपये मंडळालाच देऊ केले, राजकोटने १० कोटी. त्यामुळे ड्राफ्टमधील पहिली निवड पुण्याच्या वाट्याला आली.

१२/ १५ डिसेंबर २०१५, मुंबई. दोन्ही निलंबित संघांच्या खेळाडूंतून पाच-पाच जण आळीपाळीने उचलायचे होते.
पुणे : धोनी, रहाणे, अश्विन, स्मिथ, डु प्लेसी.
राजकोट : रैना, जडेजा, मॅक्कलम, फॉकनर, ब्राव्हो.
आता क्षणभर थांबा आणि दोन्ही याद्या नावांऐवजी कामांनी वाचा.

१३/ पुण्याकडे चार फलंदाज (त्यांपैकी एक यष्टिरक्षक) आणि एक फिरकी गोलंदाज. वेगवान गोलंदाज नाही, अष्टपैलू नाही. राजकोटकडे दोन फलंदाज आणि तीन अष्टपैलू. पुण्याची यादी अधिक वजनदार होती. राजकोटच्या यादीत प्रत्येक माणूस दीड-दोन माणसांचे काम करणारा होता.

१४/ पैशाचे गणितही पाहा. पाच खेळाडूंसाठी ठरलेला मोबदला अनुक्रमे १२.५, ९.५, ७.५, ५.५ आणि ४ कोटी, म्हणजे एकूण ३९ कोटी. संघाची मर्यादा ६६ कोटींची. उरलेल्या २७ कोटींत लिलावातून सारा संघ बांधायचा. ड्राफ्टमध्ये राहिलेली उणीव लिलावात चढ्या भावाने भरावी लागते. आणि बाजारात त्या दिवशी हवा तसा माल असेलच याची हमी नसते.

१५/ निकाल? २०१६ च्या साखळीत राजकोटचा ‘गुजरात लायन्स’ पहिला आला आणि पुणे आठ संघांत सातवे. मात्र सारा दोष ड्राफ्टवर टाकणे अन्यायाचे ठरेल. पीटरसन, डु प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श एकामागून एक जायबंदी होऊन परतले. शिवाय त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि पुण्याचे ‘घर’ विशाखापट्टणमला हलले.

१६/ खरा धडा २०१७ चा. पुण्याने आपली उणीव ओळखली. लिलावात अष्टपैलू बेन स्टोक्ससाठी १४.५ कोटी मोजले. पण त्याच लिलावात जयदेव उनाडकट ३० लाखांना आणि महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी १० लाखांना आला. उनाडकटने २४ बळी घेतले, त्रिपाठीने सलामीचा प्रश्न सोडवला. जायबंदी अश्विनच्या जागी कोवळा वॉशिंग्टन सुंदर उभा राहिला. पुणे अंतिम सामन्यात पोहोचले आणि २१ मे रोजी मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरले.

१७/ सातव्या क्रमांकापासून अंतिम फेरीपर्यंतचा हा प्रवास मोठ्या नावांनी घडवला, तितकाच दहा-तीस लाखांच्या माणसांनी घडवला. ही गोष्ट मनात ठेवून आता खो-खोकडे वळू, कारण तिथे दीड-दोन माणसांचे काम करणारा खेळाडू ही चैन नसून खेळाची पहिली अट आहे.

१८/ खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधले. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. ‘खो’ देऊन दुसऱ्याला उठवावे लागते. डाव संपला की तेच खेळाडू संरक्षणाला उतरतात. म्हणजे जो मारतो, त्यालाच पळावेही लागते.

१९/ २०२२ च्या ‘अल्टिमेट खो-खो’ने नऊऐवजी सात खेळाडू ठेवले आणि ‘वझीर’ ही नवी भूमिका आणली. त्याला कोणत्याही दिशेने धावण्याची मुभा. सहा संघांनी ड्राफ्टमधून खेळाडू घेतले. बोली नव्हती, खेळाडूंचे गट पाडलेले होते आणि गटानुसार मोबदला ठरलेला. प्रशिक्षकांपुढे प्रश्न होते ते असे : वझीर कोण? खांबावर सूर मारणारा कोण? शेवटच्या तुकडीत दम टिकवणारा कोण?

२०/ रामजी कश्यप चेन्नईला गेला तो याच हिशेबात : आक्रमण आणि संरक्षण दोन्ही निभावणारा गडी. पुण्याचा प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजचा कर्णधार झाला. बालेवाडीतील अंतिम सामन्यात ओडिशाने तेलुगू संघाला ४६–४५ असे हरवले. अखेरच्या दीड मिनिटात सुरज लांडेने मारलेला सूर निर्णायक ठरला. संघांची नावे परप्रांतांची होती, पण मॅटवर महाराष्ट्रातील कितीतरी मुले एकमेकांविरुद्ध धावत होती.

२१/ पुढे जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम फेरीत भारताने नेपाळला ५४–३६ असे नमवले. कर्णधार होता प्रतीक वाईकर; संघात वेळापूरचा रामजीही होता. लीगच्या निवडयादीत वेगवेगळ्या शहरांना गेलेली माणसे येथे एका रांगेत बसली.

२२/ या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ड्राफ्ट संघांना समान करतो, पण खेळाडूला शहर निवडू देत नाही. बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसनने १९७० मध्ये याच बंधनांविरुद्ध एनबीएला न्यायालयात खेचले. १९७६ च्या तडजोडीनंतर करार संपलेल्या खेळाडूला संघ बदलण्याची वाट हळूहळू मोकळी झाली. समता आणि स्वातंत्र्य यांतला तिढा खेळाच्या मैदानालाही चुकलेला नाही.

२३/ म्हणून पुढच्या वेळी कोणत्याही लीगची यादी जाहीर झाली की किंमत शेवटी पाहा. आधी विचारा : या संघाला काय हवे होते? ते त्याला ठाऊक होते का? आणि आज हवे असलेले उद्याही हवे असेल का? पोर्टलंड, दिल्ली आणि पुणे या तिघांच्या कथा या तीन प्रश्नांत सामावतात.

२४/ उम्रीगरांना संघ मिळाला जन्मावरून, नंतरच्या पिढ्यांना नोकरीवरून, रामजीला मिळाला कामावरून. हे अंतर थोडे नाही. मात्र ड्राफ्ट फक्त निवडतो, घडवत नाही. घडण होते ती वेळापूरसारख्या गावातल्या मातीच्या मैदानावर, जिथे संध्याकाळी खांब रोवलेले असतात आणि कुणीतरी शिट्टी घेऊन उभे असते. लीगच्या साऱ्या याद्या त्या शिट्टीच्या ऋणात आहेत.

थ्रेड समाप्त. तुमच्या तालुक्यात असे मैदान असेल, तर त्याचे नाव खाली अवश्य लिहा.