बारा व्होल्टचा प्लग

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून आपण ही जोडणी निर्धास्तपणे करतो. पण 100 वॅटचा हॅम रेडिओ प्रक्षेपण करताना सुमारे 20 अँपिअर प्रवाह खेचतो. (तेवढ्याच शक्तीला 230 व्होल्टवर सव्वा अँपिअर पुरतो.) प्लगमधल्या जोडाचा रोध अवघा 0.01 ओहम धरला, तरी प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 4 वॅट उष्णता त्या इवल्याशा जागी निर्माण होते. प्लग वितळतात ते यामुळे.

1950च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी मोटारी 6 वरून 12 व्होल्टवर आल्या. हॅम मंडळींना आयती जागा मिळाली, सिगारेट पेटवायच्या खोबणीची! पण तिथे मधली पिन नुसत्या स्प्रिंगने टेकते. गाडी हादरली की स्पर्श सैल. मग जो तो आपापला प्लग वापरू लागला, आणि आपत्तीत एकाची बॅटरी दुसऱ्याच्या संचाला जोडता येईना.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या आपत्कालीन हॅम गटांनी अँडरसन कंपनीचा पॉवरपोल स्वीकारला. यात नर-मादी भेद नाही, दोन्ही बाजू सारख्याच; पोलादी स्प्रिंग चपटे स्पर्शक एकमेकांवर दाबून धरते. आमच्या मते त्याचे खरे यश या सारखेपणात आहे. मात्र लाल-काळ्या कप्प्यांची मांडणी सर्वांनी एकच ठेवायला हवी, नाहीतर ध्रुव उलटतात. आणि फ्यूज बॅटरीलगतच हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणीच वाली नसतो.